क्लब कुणाचा? मालक, मॅनेजर, निकाल आणि स्टँडमधला चाहता

२१ मे २०२५. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती. आवाज अगदी बारीक करून मी आणि माझा भाचा टीव्हीसमोर बसलो होतो. स्पेनमधल्या बिलबाओ शहरात युरोपा लीगची फायनल चालू होती. एका बाजूला टॉटनहॅम, दुसऱ्या बाजूला मँचेस्टर युनायटेड. भाचा कट्टर युनायटेडवाला. मध्यांतराला तीन मिनिटं उरली असताना ब्रेनन जॉन्सननं टॉटनहॅमचा गोल केला आणि तो एकच गोल शेवटपर्यंत पुरला. शिट्टी वाजली तसा भाचा उशीत तोंड खुपसून बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "मामा, हा मॅनेजर आता घालवलाच पाहिजे."

"घालवला. मग पुढे काय होईल?"

"काहीतरी तर होईल!"

तो हंगाम संपला तेव्हा वीस संघांच्या प्रीमियर लीगमध्ये युनायटेड पंधराव्या आणि टॉटनहॅम सतराव्या स्थानावर होतं. सतरा वर्षांनी करंडक जिंकून देणारे टॉटनहॅमचे मॅनेजर अँज पोस्टेकोग्लू यांना क्लबनं सोळा दिवसांत नारळ दिला. हरलेले रुबेन अमोरिम मात्र तेव्हा पदावर राहिले. त्यांची गच्छंती झाली ती जानेवारी २०२६ मध्ये. टॉटनहॅमचे चाहते ज्यांच्याविरुद्ध वर्षानुवर्षं घोषणा देत होते ते अध्यक्ष डॅनियल लेव्ही २०२५ च्या सप्टेंबरात, जवळजवळ पाव शतकानंतर, पायउतार झाले. जिंकलेला गेला, हरलेला राहिला आणि शेवटी अध्यक्षही गेला. निकाल, मॅनेजर आणि मालक यांचं एकमेकांशी नेमकं नातं काय, हा प्रश्न त्या रात्रीपासून माझ्या डोक्यात घोळतो आहे.

फुटबॉलच्या चाहत्यांमधले वाद याच तीन गोष्टींभोवती फिरतात. या वादांचा गेल्या तीन-साडेतीन दशकांचा हिशेब मांडला की एक गोष्ट स्पष्ट दिसते. चाहता सर्वांत जास्त भांडतो मॅनेजरवरून, कारण बदलता येण्यासारखं त्याला तेवढंच दिसतं. क्लबचं भवितव्य मात्र मालकीच्या कागदावर ठरतं आणि त्या कागदावर बहुतेक ठिकाणी चाहत्याचं नाव नसतं. जिथे ते आहे, तिथेही करंडक आपोआप येत नाहीत. पण क्लब टिकतो आणि चुकलेल्याला जाब विचारता येतो.

मॅनेजर बदलल्यानं काय बदलतं?

सुरुवात भाच्याच्या मागणीपासून करू. सायमन क्यूपर आणि स्टीफन शिमान्स्की यांनी 'सॉकरनॉमिक्स' या पुस्तकात इंग्लिश क्लबांचे ताळेबंद आणि गुणतक्ते शेजारी ठेवून पाहिले. त्यांचा निष्कर्ष असा की काही वर्षांची सरासरी काढली तर क्लबचं स्थान मुख्यतः तो खेळाडूंना किती पगार देतो यावरून ठरतं. एका हंगामात नशीब, दुखापती, पंचांचे निर्णय असं बरंच काही मध्ये येतं. दहा हंगामांत ते पुसलं जातं आणि पगाराचा आकडा तेवढा उरतो.

नेदरलँड्सच्या अव्वल लीगमधल्या १९८६ ते २००४ या काळाचा अभ्यास बास टेर वील या अर्थतज्ज्ञानं केला. ओळीनं सामने हरल्यावर मॅनेजर काढला की पुढच्या काही सामन्यांत निकाल सुधारतात, हे खरं निघालं. पण तसेच ओळीनं हरलेल्या आणि तरीही मॅनेजर न बदललेल्या क्लबांचे निकालही साधारण तेवढेच सुधारले होते. पडझडीचा काळ बहुतेक वेळा आपणहून ओसरतो. श्रेय मात्र नव्या माणसाला मिळतं.

म्हणून मॅनेजर कुणीही असला तरी चालतं, असा अर्थ मी काढणार नाही. ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये युनायटेडला आले. पहिली तीन वर्षं हाती काही लागलं नाही आणि डिसेंबर १९८९ मध्ये त्यांनी चालतं व्हावं असं सांगणारा फलक खुद्द ओल्ड ट्रॅफर्डवर झळकला. मे १९९० मध्ये त्यांनी एफए कप जिंकला आणि २०१३ मध्ये निवृत्त होईपर्यंत तेरा वेळा प्रीमियर लीग जिंकली. मिकेल आर्तेता डिसेंबर २०१९ मध्ये आर्सेनलचे मॅनेजर झाले. पहिल्या हंगामात एफए कप मिळाला, पण लीगमध्ये लागोपाठ दोन वर्षं आठवा क्रमांक आला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये पहिले तिन्ही सामने हरून, एकही गोल न करता, आर्सेनल तक्त्याच्या तळाला होतं. त्या आठवड्यात चाहत्यांचं मतदान घेतलं असतं तर आर्तेता वाचले नसते, असं मला वाटतं. क्लबनं त्यांना ठेवलं. २०२३, २०२४ आणि २०२५ असे सलग तीन हंगाम आर्सेनल दुसरं आलं.

उलट टोकाला लेस्टर सिटी आहे. २०१६ मध्ये क्लॉडिओ रानिएरी यांनी या क्लबला लीग जिंकून दिली. हंगामाच्या सुरुवातीला सट्टेबाजांनी त्या शक्यतेवर एकास पाच हजार असा भाव लावला होता. पुढच्या फेब्रुवारीत संघ घसरू लागला आणि रानिएरींना काढण्यात आलं.

या तिन्ही ठिकाणी धीर धरायचा की नाही, हे ठरवलं क्लब चालवणाऱ्यांनी. चांगला मॅनेजर निवडणं, त्याला हवे तसे खेळाडू आणून देणं, वाईट दिवसांत त्याच्या पाठीशी उभं राहणं हीच त्यांची कामं. मॅनेजरवरचा वाद एवढा उकलला की तो त्यांच्या दारात जाऊन थांबतो.

एका खरेदीची वीस वर्षं

त्या दाराकडे पाहायचं तर मँचेस्टर युनायटेडचंच उदाहरण घ्यावं लागेल. हा क्लब १८७८ मध्ये रेल्वे कामगारांनी न्यूटन हीथ या नावानं सुरू केला. पुढे तो शेअर बाजारात आला आणि २००५ पर्यंत त्याच्यावर कर्ज नव्हतं. त्या वर्षी मे महिन्यात अमेरिकेतल्या ग्लेझर कुटुंबानं तो सुमारे ७९ कोटी पौंडांना विकत घेतला. खरेदीचा बराचसा पैसा कर्जाऊ होता आणि त्या कर्जाचा मोठा भाग क्लबच्याच माथी आला. एखाद्यानं कर्ज काढून चाळ विकत घ्यावी आणि हप्ते चाळीतल्या भाडेकरूंनी भरावेत, तसा हा व्यवहार. तिकिटं, शर्ट आणि टीव्हीच्या हक्कांतून आलेल्या पैशातून वर्षानुवर्षं व्याज जात राहिलं.

चाहते तेव्हाच दुभंगले. काहींनी ओल्ड ट्रॅफर्डला कायमचा रामराम ठोकून त्याच वर्षी 'एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर' हा स्वतःचा क्लब काढला. तिथे प्रत्येक सदस्याला एक मत. बाकीचे आतच राहून लढले. २०१० मध्ये लाल रंगाच्या स्टँडमध्ये हिरवे-पिवळे मफलर दिसू लागले. ते जुन्या न्यूटन हीथचे रंग होते. एसी मिलानकडून खेळायला आलेल्या डेव्हिड बेकहॅमनं सामना संपल्यावर मैदानात पडलेला तसाच एक मफलर उचलून गळ्यात घातला. ते चित्र जगभर गेलं. मालक मात्र जागचे हलले नाहीत. पुढे २०१२ मध्ये क्लबचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदले गेले.

फर्ग्युसन असेपर्यंत निकालांनी हे सगळं झाकून ठेवलं. ते गेले आणि झाकण उडालं. डेव्हिड मोयेस दहा महिने टिकले. मग लुई व्हान गाल, जोझे मोरिन्यो, ओले गुन्नार सोल्शार, एरिक टेन हाग आणि अमोरिम, शिवाय मधले हंगामी वेगळेच. कुणी चेंडू ताब्यात ठेवणारा, कुणी बचावाला चिकटलेला, कुणी घरचा, कुणी बाहेरचा. प्रत्येकानं आपल्या पद्धतीचे खेळाडू मागितले आणि पुढच्यानं ते मोडीत काढले. मधून मधून कप आले, लीग मात्र परत आली नाही. भाच्याच्या "काहीतरी तर होईल" या आशेवर युनायटेडनं एक तप काढलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये मँचेस्टर परिसरातच जन्मलेले उद्योगपती जिम रॅटक्लिफ यांनी क्लबचा चतुर्थांशाहून थोडा अधिक हिस्सा घेतला आणि फुटबॉलचा कारभार हाती घेतला. घरचा माणूस आला म्हणून अनेकांना हायसं वाटलं. पण त्याच वर्षी भर हंगामात उरलेली तिकिटं सरसकट ६६ पौंड करण्यात आली, लहान मुलांना आणि वृद्धांना सवलत राहिली नाही आणि शेकडो कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं गेलं. मार्च २०२५ मध्ये चाहते काळे कपडे घालून स्टेडियमवर चालत गेले. मालक कुठला आहे यापेक्षा त्याच्यावर अंकुश कुणाचा आहे, हा प्रश्न मोठा असल्याचं त्यांना तोवर पुरतं कळलं होतं.

चाहत्यांच्या हाती काय आहे?

६ फेब्रुवारी २०१६ चा दिवस. ॲनफिल्डवर लिव्हरपूल सुंदरलँडविरुद्ध दोन गोलांनी पुढे होतं. मालकांनी पुढच्या हंगामासाठी नव्या मेन स्टँडमधल्या सर्वांत महाग तिकिटाची किंमत ७७ पौंड जाहीर केली होती. घड्याळात ७७ वं मिनिट लागलं आणि हजारो लोक उठले. कोप स्टँडमधून, शेजारच्या स्टँडमधून माणसं शांतपणे जिने उतरून बाहेर पडू लागली. आयुष्यात कधी सामना अर्धा न टाकलेली म्हातारी माणसं त्यात होती. खुर्च्यांच्या रिकाम्या रांगा टीव्हीवर दिसत होत्या. उरलेल्या वेळात सुंदरलँडनं दोन गोल केले आणि सामना बरोबरीत सुटला. चार दिवसांत मालकांनी माफी मागितली आणि सर्वांत महाग तिकीट आधीच्याच ५९ पौंडांवर गोठवलं.

हे यश खरं आहे. पण त्याची मर्यादाही तितकीच खरी आहे. तिकिटाचा भाव उतरला, मालकी जिथे होती तिथेच राहिली. १८ एप्रिल २०२१ ला सुपर लीगची घोषणा झाली तेव्हाही हेच घडलं. युरोपातल्या बारा श्रीमंत क्लबांनी आपल्यापुरती वेगळी लीग काढायचं ठरवलं. त्यांत सहा क्लब इंग्लंडचे होते. दोन दिवसांनी चेल्सीच्या चाहत्यांनी स्टॅमफर्ड ब्रिजबाहेर संघाची बस अडवली. क्लबचे जुने गोलकीपर पेत्र चेक रस्त्यावर येऊन त्यांची समजूत काढत होते. त्याच रात्रीपर्यंत सहाही इंग्लिश क्लब माघारी फिरले. २ मे रोजी युनायटेडचे चाहते ओल्ड ट्रॅफर्डमध्ये घुसले आणि लिव्हरपूलविरुद्धचा सामना पुढे ढकलावा लागला. योजना कोसळली. ती आखणारे मालक मात्र बहुतेक तिथेच राहिले.

मालकाला हलवता येत नसेल तर क्लबच नव्यानं बांधायचा, ही वाट विम्बल्डनच्या चाहत्यांनी धरली. मे २००२ मध्ये विम्बल्डन क्लबला दूरच्या मिल्टन कीन्सला हलवायला परवानगी मिळाली. चाहत्यांनी जूनमध्ये विम्बल्डन कॉमन या मोकळ्या माळावर खेळाडूंची निवड चाचणी घेतली आणि 'एएफसी विम्बल्डन' नवव्या पायरीवरून सुरू केला. नऊ हंगामांत पाच बढत्या घेत २०११ मध्ये तो व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला. २०२० च्या नोव्हेंबरात तो प्लाव लेन या आपल्या जुन्या परिसरातल्या नव्या मैदानावर परतला. क्लबची बहुमताची मालकी आजही चाहत्यांच्या ट्रस्टकडे आहे.

पोर्ट्समथनं २००८ मध्ये एफए कप जिंकला. दोनच वर्षांत तो दिवाळखोरीच्या प्रशासनाखाली गेला आणि २०१३ मध्ये चौथ्या श्रेणीत घसरता घसरता चाहत्यांनी पैसे जमवून तो विकत घेतला. त्यांनी कर्ज फेडलं, २०१७ मध्ये चौथ्या श्रेणीचं विजेतेपद मिळवलं आणि त्याच वर्षी स्वतः मतदान करून क्लब मायकल आयझ्नर यांच्या कुटुंबाला विकला. वर चढायचं तर आपल्या खिशाला परवडणार नाही, हे बहुसंख्य भागधारकांनी मान्य केलं. या निर्णयाबद्दल मला मनापासून आदर वाटतो. आपल्याला काय जमतं आणि काय जमत नाही हे त्यांनी ओळखलं, आणि विकायचं की नाही ते मताच्या बळावर ठरवलं.

बरी या गावाच्या नशिबी असं काही आलं नाही. १८८५ मध्ये स्थापन झालेला, दोनदा एफए कप जिंकलेला हा क्लब डिसेंबर २०१८ मध्ये एका पौंडाला विकला गेला. आर्थिक क्षमतेचा पुरावा देता आला नाही आणि २७ ऑगस्ट २०१९ ला लीगनं त्याची हकालपट्टी केली. त्याच सुमारास चाहते झाडू-फडकी घेऊन गिग लेनचं मैदान स्वच्छ करत होते. सामना होईल या आशेनं खुर्च्या पुसत होते. आज बरीचा क्लब पुन्हा खेळतो, पण कितीतरी पायऱ्या खाली.

बरीचा मृत्यू आणि सुपर लीगचा धक्का यांमुळे इंग्लंडमध्ये अखेर कायदा झाला. माजी मंत्री ट्रेसी क्राउच यांच्या अध्यक्षतेखाली चाहत्यांची बाजू ऐकणारी समिती नेमली गेली आणि तिचा अहवाल नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. त्यातून २१ जुलै २०२५ ला फुटबॉल कारभाराचा कायदा मंजूर झाला. वरच्या पाच श्रेणींतल्या क्लबांना आता स्वतंत्र नियामकाचा परवाना लागेल, मालकाच्या पैशाची आणि पात्रतेची तपासणी होईल, फुटीर लीगला मज्जाव राहील आणि चाहत्यांना विचारल्याशिवाय बोधचिन्ह किंवा शर्टाचे रंग बदलता येणार नाहीत. रंगाचं महत्त्व कार्डिफच्या चाहत्यांना विचारावं. २०१२ मध्ये मालक व्हिन्सेंट टॅन यांनी तिथल्या निळ्या शर्टाचा लाल केला. पुढच्याच वर्षी संघ प्रीमियर लीगमध्ये गेला, तरी लोकांच्या मनातला निळा गेला नाही. जानेवारी २०१५ मध्ये तो परत आणावा लागला.

सदस्यांच्या हाती मत असतं तेव्हा

जर्मनीत हा प्रश्न आधीच नियमात बांधला गेला. १९९८ मध्ये क्लबांना आपला व्यावसायिक संघ कंपनीत बदलण्याची मुभा मिळाली, पण मतांचा अर्धा अधिक एक वाटा सदस्यांच्या संस्थेकडेच राहील अशा अटीवर. बायर कंपनीचा लेव्हरकुसेन आणि फोक्सवागनचा वोल्फ्सबुर्ग हे जुने अपवाद. बायर्न म्युनिकमध्ये आजही पाऊण मालकी सदस्यांच्या संस्थेची आहे आणि उरलेला पाव हिस्सा आदिदास, ऑडी आणि अलियान्झ यांच्यात वाटलेला आहे. डॉर्टमुंडच्या दक्षिण स्टँडमध्ये सुमारे पंचवीस हजार माणसं उभ्यानं सामना पाहतात, तेही इंग्लंडच्या मानानं स्वस्त तिकिटात.

हा हक्क नुसता कागदावर राहू नये म्हणून तिथेही जागं राहावं लागतं. डिसेंबर २०२३ मध्ये जर्मन लीगच्या ३६ क्लबांनी प्रसारण हक्कांच्या कंपनीतला काही हिस्सा गुंतवणूकदाराला विकायचं ठरवलं. मंजुरीसाठी २४ मतं हवी होती आणि नेमकी २४ पडली. हॅनोव्हर क्लबच्या सदस्य संस्थेनं आपल्या प्रतिनिधीला विरोधी मत द्यायला सांगितलं होतं. मतदान गुप्त होतं आणि त्यानं कोणत्या बाजूनं मत दिलं हे उघड केलं नाही. चाहत्यांना खुपलं ते हेच. सामन्यागणिक मैदानावर टेनिसचे चेंडू आणि चॉकलेटची नाणी पडू लागली, खेळ पुन्हा पुन्हा थांबू लागला. फेब्रुवारी २०२४ मध्ये लीगनं हा बेत सोडून दिला.

या व्यवस्थेत उणं काहीच नाही असं मात्र नाही. २०१३ ते २०२३ अशी सलग अकरा वर्षं जर्मन लीग एकट्या बायर्ननं जिंकली. ती साखळी तोडली लेव्हरकुसेननं, म्हणजे नियमाला अपवाद असलेल्या क्लबनं. हॅम्बुर्ग आणि शाल्के हे लाखालाखांच्या घरात सदस्य असलेले क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरले.

स्पेनमध्ये १९९० च्या कायद्यानं बहुतेक व्यावसायिक क्लबांना कंपनी व्हावं लागलं. रेआल माद्रिद, बार्सेलोना, अथलेटिक बिलबाओ आणि ओसासुना एवढेच सदस्यांचे राहिले. बार्सेलोनाचे सदस्य अध्यक्ष निवडतात, तरीही त्यांच्याच निवडलेल्या मंडळाच्या काळात खर्च इतका वाढला की कर्ज एक अब्ज युरोच्या पलीकडे गेलं आणि ऑगस्ट २०२१ मध्ये लिओनेल मेस्सीला निरोप द्यावा लागला. मतदारही फसतो. पण फसल्यावर त्याच्या हाती उपाय असतो. २०२० मध्ये अविश्वास ठरावासाठी वीस हजारांहून अधिक सदस्यांनी सह्या केल्या, मतदानाआधीच अध्यक्ष बार्तोमेउ यांनी राजीनामा दिला आणि मार्च २०२१ मध्ये नवी निवडणूक झाली. शेजारच्या व्हॅलेन्सियात सिंगापूरच्या पीटर लिम यांच्याविरुद्ध मोर्चामागून मोर्चे निघाले. तिथल्या चाहत्यांकडे सह्या करायला असा कागद नव्हता.

जिंकणारा मालक

आपल्यालाही काही कबूल करायला हवं. मालक वाईट की चांगला, हे आपण बऱ्याचदा गुणतक्ता बघून ठरवतो. न्यूकॅसलमध्ये माइक ॲशली यांच्या चौदा वर्षांच्या कारभाराला लोक विटले होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये सौदी अरेबियाच्या सरकारी गुंतवणूक निधीच्या नेतृत्वाखालील गटानं ३०.५ कोटी पौंडांना क्लब घेतला तेव्हा स्टेडियमबाहेर जल्लोष झाला. मार्च २०२५ मध्ये लीग कपच्या रूपानं सत्तर वर्षांनी देशांतर्गत करंडक आला. सत्तर वर्षं वाट पाहणाऱ्या शहराचा आनंद मला कळतो. पण त्या सरकारच्या मानवी हक्कांच्या नोंदीबद्दल बोलणारे थोडे चाहते त्या गर्दीत एकटे पडले आणि त्यांचं म्हणणं जिंकण्याच्या आवाजात बुडालं, याचं मला वाईट वाटतं. मालकाला प्रश्न विचारायचा तो हरल्यावर, आणि जिंकला की तो प्रश्न घरी ठेवायचा, हे आपण सोडलं पाहिजे.

आपल्या मैदानावर

भारतात हे सगळं अधिक उघडंवाघडं दिसतं, कारण आपल्याकडे चाहत्याचा हक्क कुठेच लिहिलेला नाही. महिंद्रा युनायटेड हा मुंबईचा संघ २००६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकला आणि २०१० मध्ये कंपनीनं तो बंद केला. गोव्यात खाण उद्योगातल्या घराण्यांनी पोसलेल्या क्लबांनी देशाच्या फुटबॉलला दिशा दिली. एकट्या डेम्पोनं राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळवलं. २०१६ मध्ये फुटबॉल महासंघानं नव्या लीगला वर आणि जुन्या लीगला खाली ठेवण्याचा आराखडा मांडला तेव्हा साळगावकर, स्पोर्टिंग क्लब दी गोवा आणि डेम्पो या तिघांनी ती जुनी लीग, म्हणजे आय-लीग, सोडली. पुण्यात २०१४ मध्ये आलेल्या एफसी पुणे सिटीसाठी बालेवाडीत नारंगी शर्ट घातलेली पोरं ढोल-ताशे घेऊन येऊ लागली होती. २०१९ मध्ये तो क्लब बंद झाला आणि लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. मुंबई सिटीत त्याच वर्षी मँचेस्टर सिटीच्या मूळ कंपनीनं बहुमताचा हिस्सा घेतला. करंडकही आले. २०२५ मध्ये लीगच्या व्यावसायिक कराराचा घोळ झाला, हंगाम वेळेवर सुरूच होऊ शकला नाही आणि डिसेंबरात त्या कंपनीनं काढता पाय घेतला.

चाहत्यांनी लावून धरलं आणि मिळवलं, असं उदाहरण कोलकात्याचं आहे. १८८९ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९११ मध्ये गोऱ्या पलटणीच्या संघाला हरवून आयएफए शील्ड जिंकलेल्या मोहन बागानचं २०२० मध्ये एटीके या क्लबशी विलीनीकरण झालं. नावाआधी 'एटीके' लागलं आणि ऐंशी टक्के मालकी उद्योगसमूहाकडे गेली. ती तीन अक्षरं काढा, म्हणून चाहते तीन वर्षं फलक घेऊन उभे राहिले, अनेकांनी सामन्यांवर बहिष्कार घातला. १८ मार्च २०२३ ला गोव्यात फातोर्ड्याच्या मैदानावर संघानं लीगचा करंडक जिंकला आणि मालक संजीव गोएंका यांनी तिथेच नाव बदलल्याचं जाहीर केलं. चाहत्यांना आपलं नाव परत मिळालं, पण मालकाला ते द्यावंसं वाटलं म्हणून. नियमानं तो बांधलेला नव्हता.

पेठेचा संघ

या हिवाळ्यात मी भाच्याला कोल्हापूरला घेऊन गेलो होतो. शाहू स्टेडियममध्ये दोन तालमींच्या संघांचा सामना होता. दुपारचं ऊन, पायऱ्यांवर खच्चून गर्दी, शेंगदाण्याच्या पुड्या, हलगीचा कडकडाट. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नावं इथे पिढ्यान्पिढ्या घरात बोलली जातात. परदेशी खेळाडूही आता या संघांतून खेळतात. १७ वर्षांखालच्या २०१७ च्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच मातीतला. इथेही सगळं चांगलंच आहे असं नाही. ईर्ष्येपायी हाणामाऱ्या होतात आणि सामने थांबतात, हेही इथल्या लोकांना ठाऊक आहे.

भाच्यानं शेजारच्या आजोबांना विचारलं, "आजोबा, या टीमचा मालक कोण?"

आजोबांनी मैदानावरची नजर काढली नाही. "मालक कशाला लागतोय बाळा? पेठंची टीम हाय. आमीच हाय की."

तेवढ्यात त्यांच्या संघानं सोपा गोल चुकवला. ते उभे राहून ओरडले, कोचला हाका मारल्या, बदली खेळाडू उतरवायला सांगितलं. संध्याकाळी तालमीसमोरच्या कट्ट्यावर तोच कोच चहा घ्यायला येणार होता आणि आजोबा त्याला समोरासमोर विचारणार होते.

कोल्हापूरच्या तालमीच्या हिशेबानं मँचेस्टर चालणार नाही, हे मला समजतं. शेकडो कोटींचे पगार वर्गणीतून निघत नाहीत. पण आजोबांकडे जे होतं ते मोठ्या क्लबांतही नियमानं देता येतं, हे जर्मनीनं दाखवलं आणि इंग्लंडनं उशिरा का होईना मान्य केलं. मालकाचे हिशेब उघडे असावेत. मैदान, नाव आणि रंग यांना चाहत्यांच्या संमतीशिवाय हात लागू नये. क्लब बंद करण्याआधी तो चालवू इच्छिणाऱ्या चाहत्यांना संधी मिळावी. भारतीय फुटबॉलची घडी पुन्हा बसवायची चर्चा आज चालू आहे. या तीन अटी लीगच्या नियमावलीत घालायला याहून चांगली वेळ कुठली?

परतीच्या एसटीत भाचा बराच वेळ खिडकीबाहेर बघत होता. मग म्हणाला, "मामा, मॅनेजरला घालवा म्हणून मी इतका ओरडलो. पण क्लब नक्की कुणाचा आहे, हे मी कधी शोधलंच नव्हतं." कराड येईपर्यंत तो फोनवर तेच शोधत होता.